रजिस्टरमधला एक प्रश्न बदला, साहेब

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, सांगली,
तसेच आरोग्य विभाग आणि महिला व बालविकास विभाग, यांस

स. न. वि. वि.

साहेब म्हणतोय, पण खुर्चीत मॅडमही असतील. हे पत्र वर पोचेपर्यंत बदली झालेली असायचीही शक्यता आहे, म्हणून नाव घातलेलं नाही. पत्र खुर्चीला आहे.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. दोन एकर बाग, एक बेदाण्याचं शेड, दोन लेकरं. थोरला कॉलेजात जातो. धाकटी नऊ वर्षांची आहे आणि तिला डाऊन सिंड्रोम आहे, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. तिचं नाव इथं लिहीत नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, गावाबाहेर कळायची गरज नाही.

दोन वर्षांची असताना तिला एका तपासणी शिबिरात नेलं होतं. टेबलामागच्या बाईंनी वजन केलं, उंची घेतली, दंडाचा घेर मोजला आणि मान वर न करता विचारलं, "बोलते का?" बायको म्हणाली, "नाही अजून." रजिस्टरात दोन शब्द पडले, 'बोलत नाही', आणि पुढचं मूल पुढे आलं. वर्षभरानं दुसऱ्या शिबिरात गेलो, तर तोच प्रश्न, तेच दोन शब्द. बाईंना दोष देत नाही. त्यांच्यामागं रांग दारापर्यंत होती आणि रकान्यात हो किंवा नाही एवढंच मावत होतं.

पण त्या दिवसांत आमची लेक गप्प नव्हती. तहान लागली की आईचा पदर धरून माठापाशी न्यायची. पंखा बंद झाला की वर बघायची, मग माझ्याकडं बघायची, मग परत वर. जेवण नको असलं की ताटली भिरकावायची. आजी तळहातावर बोट टेकवून मोर बसवायचा खेळ करायची, तेव्हा गुदगुल्या व्हायच्या आधीच खांदे आवळून हसायची, कारण पुढं काय येणार ते तिला माहीत असायचं. हे सगळं सांगणंच होतं. कुणी मोजलं नाही, आणि खरं बोलायचं तर आम्हीही मोजलं नाही. आम्ही 'आई' या शब्दाची वाट बघत बसलो होतो.

मुळात वाट बघायलाच सांगितलं होतं. जन्मली तेव्हा हृदयात छिद्र होतं. डाऊन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. पहिली दोन वर्षं त्यातच गेली. ऑपरेशन झालं, पोर वाचली, त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. मग आम्ही बोलण्याचं विचारलं, तर एका मोठ्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "या मुलांचं उशिराच असतं, पाच वर्षांपर्यंत थांबा." घरी आलो तर भाऊबंद तेच म्हणाले. "आमचा बापू पण पाच वर्साचा हुईस्तोवर बोलला न्हाई, आता गप बसत न्हाई." बापूची गोष्ट आमच्या भागात प्रत्येक घरात असते. न बोललेल्या पोरांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती पोरं मागच्या खोलीत असतात. आजीनं वेखंड उगाळून मधातून चाटवलं. जिभेला झिणझिण्या आल्या असतील, शब्द काही आला नाही.

साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मिरजेत एका थेरपिस्ट मॅडमकडं गेलो. त्यांनी तोंड उघडून जीभ बघितली नाही. पहिला प्रश्न विचारला, "कान कधी तपासलेत?" तपासलेच नव्हते. डोक्याला तारा लावून झोपेत करतात ती बेरा चाचणी केली. दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी साठलेलं. या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, पाणी साठणं नेहमीचं असतं, असं मॅडमनी सांगितलं. म्हणजे आमची पोर साडेतीन वर्षं आम्हाला पाण्याखालून ऐकत होती. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

आम्ही द्राक्षवाले लोक, साहेब. एप्रिलात खरड छाटणी करतो आणि त्यानंतरच्या चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, सूक्ष्म घडनिर्मिती होते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड नुसता बाहेर येतो, तयार तो उन्हाळ्यातच झालेला असतो. म्हणून फळछाटणीआधी आम्ही काडी प्रयोगशाळेत देतो आणि डोळ्यात घड आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतो. बागेतल्या काड्या मी दरवर्षी तपासून घेतल्या. पोटच्या पोरीचे कान तपासायला साडेतीन वर्षं लावली.

ही उपमा फार ताणू नका. वेलीचा उन्हाळा गेला की गेला, लेकराचं तसं नसतं. उशिरा सुरू केलं तरी मूल शिकतं, आमची शिकली. पण पहिल्या तीन वर्षांत मेंदू ज्या वेगानं भाषा गोळा करतो तो वेग नंतर मिळत नाही, आणि कान बंद असले तर गोळा काय करणार?

मॅडमनी पुढं जे सांगितलं त्यावर घरात भांडण झालं. त्या म्हणाल्या, शब्दांची वाट बघू नका, हातानं शिकवा. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली की 'अजून'. हात झटकला की 'संपलं'. तळहात पुढं केला की 'दे'. माझी आई उसळली. "पोरीला मुकी करताय का? हातवारे शिकली तर तोंड कशाला उघडंल?" मलाही तेच वाटत होतं, फक्त मी बोललो नाही. मॅडमनी शांतपणे सांगितलं की ही भीती जगभरच्या आईबापांना वाटते आणि ती तपासून झालेली आहे. २००६ साली अमेरिकेत अशा अभ्यासांचा एक मोठा आढावा निघाला. त्यात काटेकोर पुरावा असलेली २७ उदाहरणं होती. खुणा, चित्रं किंवा बोलणारं यंत्र दिल्यामुळं त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं वाढलं होतं, थोडं का होईना. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना ऐकलेलं ध्यानात ठेवण्यापेक्षा बघितलेलं ध्यानात ठेवणं सोपं जातं, आणि त्यांना समजतं ते त्यांच्या बोलण्याच्या कितीतरी पुढं असतं. जीभ आणि ओठांचे स्नायू सैल असतात, शब्द घडायला वेळ लागतो. हात त्याआधी तयार असतो. मग तोवर पोरीनं मनातलं कुठं ठेवायचं?

चार-पाच वेळा मिरजेला गेलो आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला.

त्या साली द्राक्षांचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. व्यापारी यायचे बंद झाले, माल वेलीवर तसाच. आम्ही आणि आमच्यासारख्या कित्येकांनी सगळा माल बेदाण्याला टाकला. घरातली सगळी माणसं शेडमध्ये, पोरगीही तिथंच. मॅडम आठवड्यातून एकदा मोबाईलवर दिसायच्या आणि म्हणायच्या, "आता मी नाही, तुम्हीच थेरपिस्ट." मी मनात म्हणालो, इथं मालाला भाव नाही आणि ह्या बाई मला नवी नोकरी देताहेत. पण करायला दुसरं होतं काय?

त्यांनी शिकवलं ते सांगतो, कारण सगळ्या योजनेत मला हेच कुठं दिसत नाही. पोरीला प्रश्न विचारणं बंद करा. "हे काय? हे काय? बोल, काऊ बोल" हे बोलणं नव्हे, ही तोंडी परीक्षा झाली. ती ज्याच्याकडं बघते त्याचं नाव घ्या. ती एक शब्द म्हणाली तर तुम्ही दोन म्हणा, दहा नकोत. आणि काही बोललात की थांबा, मनात पाच मोजा. पाच मोजणं फार अवघड आहे, साहेब. करून बघा. तीनवरच आपलं तोंड उघडतं.

एप्रिलात एका दुपारी मी रॅकवरचा बेदाणा हलवत होतो. पोरगी खाली बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दोन बोटांची चिमूट गालाला लावून फिरवली. मला कळेना. हा हात मॅडमनी शिकवला नव्हता. मी पाच मोजले. तिनं परत चिमूट गालाला लावली आणि रॅककडं बघितलं. बेदाणा! तो शब्द तिनं स्वतः बनवला होता. मी मूठभर दिला. तिनं खाल्ला आणि बोटांना बोटं टेकवली. बेदाणा, अजून. दोन शब्दांचं वाक्य. सर्वसाधारण मूल दोन वर्षांचं होईस्तोवर दोन शब्द जोडतं. आमची पावणेचार वर्षांची होती, पण जोडले. त्या वर्षी बेदाण्याला दर काय लागला ते मी विसरलोय, हे नाही.

त्याच उन्हाळ्यात ती 'नको' शिकली. मान आणि हात दोन्ही हलवून. मला वाटायचं आधी रंग शिकवावेत, आकडे शिकवावेत, म्हणजे पाहुण्यांसमोर म्हणून दाखवेल. मॅडम म्हणाल्या, ज्या पोराला 'नको' म्हणता येत नाही ते पोर चावतं. हे अगदी खरं निघालं. 'नको' आल्यावर दोन महिन्यांत ताटल्या भिरकावणं थांबलं. पुढं पाचव्या वर्षी तोंडानं पहिला शब्द आला तो 'आई' नव्हता, 'नको' होता. 'नत्तो' असा. बायकोला थोडं वाईट वाटलं. आजी मात्र गावभर सांगत सुटली, आणि हातवाऱ्यांना माझा विरोध कधीच नव्हता असंही सांगत सुटली.

आज ती शंभराच्या आसपास शब्द तोंडानं बोलते. निम्मे घरच्यांनाच कळतात. बाकीच्यासाठी हात आहेत आणि गळ्यात अडकवलेला चित्रांचा तक्ता आहे. तो मी तासगावात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतला. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' नावाचं, चित्राला बोट लावलं की शब्द बोलून दाखवणारं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. पण मोबाईल हातात दिला की पोरगी गाणी लावते, म्हणून आमचा भर कागदावर.

आता तुमच्याकडं येतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, आणि तोही आपल्याच राज्यात, पालघरमधून. जन्मजात दोष, पोषणातली कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांत शोधायच्या. अंगणवाडीत पथकानं वर्षातून दोनदा यायचं, शाळेत एकदा, आणि सापडलेलं मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लवकर उपचार सुरू करायच्या जागी, पाठवायचं. कागदावर उत्तम आहे, मी टिंगल करत नाही. माझ्या लेकीसारख्या कित्येकांची ऑपरेशनं यातूनच झाली. पण हृदयातलं छिद्र एकदा सापडलं, एकदा बुजवलं की काम होतं. भाषेचं तसं नाही. तिला दर आठवड्याचा माणूस लागतो, आणि पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात, वाचा-भाषा तज्ज्ञ नसतो. तो जिल्ह्याच्या ठिकाणी. आम्हाला सांगली पंचवीसेक किलोमीटर, आमचं निभतं. जतच्या किंवा आटपाडीच्या बाईनं पंचेचाळीस मिनिटांच्या थेरपीसाठी लेकरू कडेवर घेऊन एसटीनं यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, हे किती आठवडे चालेल? तिसऱ्या आठवड्याला ती यायची बंद होते आणि कागदावर लिहिलं जातं, 'पालक उदासीन'.

मूल दिवसाचे बारा तास जागं असतं, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी. त्यातली पाऊण तास थेरपी. उरलेले सव्वात्र्याऐंशी तास आई, आजी आणि अंगणवाडीच्या ताईंचे. म्हणून माझी पहिली मागणी नवीन इमारतीची नाही. तज्ज्ञाला पंधरा दिवसांतून एक दिवस तालुक्याला पाठवा. तासगाव, विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, शिराळा. आणि त्या दिवशी त्यांनी मुलांना शिकवण्यापेक्षा आयांना शिकवावं, पाच-सहा जणींना एकत्र. मधल्या काळात फोन आहे. लॉकडाऊननं एवढं तरी सिद्ध केलं.

दुसरं रजिस्टरचं. 'बोलते का?' हा प्रश्न काढा आणि 'काय हवं-नको ते कसं सांगते?' असा घाला. सेविका ताईंना एका दिवसात समजेल, त्यांना आपल्यापेक्षा जास्त पोरं ठाऊक असतात. वर्षाचं मूल बा-बा, दा-दा करतं का, नाव घेतलं की वळतं का, बोट दाखवतं का. नुसतं मागायला नव्हे, चांदोबा दिसला की 'तुम्ही पण बघा' म्हणून दाखवतं का. सोळा महिन्यांत एखादा शब्द आहे का. माता-बाल संरक्षण कार्डावर असे टप्पे चित्रांसकट छापलेले आहेत. आमच्या कार्डावर वजनाची रेघ काळजीनं भरलेली होती आणि चित्रांचं पान कोरं होतं. आणि यातलं काही चुकलं की वाट न बघता आधी कानाची चाचणी. पाच वर्षांपर्यंत थांबा हे वाक्य या जिल्ह्यात कुणाही आईला ऐकायला लागू नये.

प्रमाणपत्राचंही एकदा स्पष्ट करा. एका खिडकीवर मला सांगितलं होतं, आधी टक्केवारीचा दाखला आणा, मग थेरपीचं बघू. दाखला सवलतींना लागतो, खूण शिकवायला कसले टक्के? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारांची यादी आहे ती सगळ्यांना माहीत असते. त्याच्या दुसऱ्या कलमात 'संवाद' कशाला म्हणायचं तेही लिहिलंय. भाषा, ब्रेल, स्पर्श, खुणा, दृश्य माध्यम, सोपी भाषा, बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनं, सगळं त्यात येतं. कायद्याच्या लेखी माझी पोर साडेतीन वर्षांची असतानाच संवाद करत होती. रजिस्टरच्या लेखी नाही.

जतबद्दल थोडं वेगळं. पूर्वेकडच्या गावांत घरोघरी कन्नड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मिरजेच्या बाकावर तिकडची एक आई भेटली होती. लेक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. तिला कुणीतरी सांगितलं होतं, घरात कन्नड बंद करा, एकच भाषा ठेवा, नाहीतर पोर गोंधळेल. बाईला मराठी जेमतेम येत होतं. ती पोराशी बोलायचीच बंद झाली होती. दोन भाषांनी अशी मुलं मागं पडतात याला आधार नाही. २००५ मध्ये कॅनडात डाऊन सिंड्रोमच्या मुलांवर अभ्यास झाला, पुढं स्वमग्न मुलांवरही झाले, आणि दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या तशाच मुलांपेक्षा मागं दिसली नाहीत. आईला ज्या भाषेत रागावता येतं आणि लाड करता येतात तीच पोराची पहिली थेरपी. तेव्हा जतसाठी तक्ते कन्नडमध्येही छापा आणि तसं बोलणारा माणूस द्या. आमच्याकडं दुसराच आजार आहे, घरात मोडकं इंग्रजी. "बेटा, कम, सिट, ईट." आईबाप दोघं मराठी, पोराला बोलायला अडचण, आणि त्याच्याशी घरात कुणी बोलत नाही अशी भाषा. यावर तुमचा विभाग काही करू शकणार नाही. लिहिल्यावाचून राहवलं नाही, इतकंच.

ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी लेकरं हा मोठा विषय आहे आणि मला त्यातलं फार कळत नाही. एवढंच दिसतं की सहा महिने ती इथल्या फडावर असतात, सहा महिने गावाकडं, आणि दोन्हीकडच्या रजिस्टरला वाटतं की दुसरीकडं नोंद असेल.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्चायचा असा नियम आहे. आमच्या भागात मार्च जवळ आला की त्याची आठवण होते आणि जे पटकन वाटता येईल ते वाटलं जातं. त्यातून प्रत्येक अंगणवाडीत एक चित्रतक्ता भिंतीवर लागू शकतो. पाणी, भूक, शी-शू, दुखतंय, अजून, नको, आई, घरी जायचंय. माझा तक्ता दीडशे रुपयांत झाला होता. एक परिपत्रक तुमच्या सहीनं निघालं तर ग्रामपंचायत अधिकारी करतील. सहीशिवाय नाही करणार, आणि त्यांचंही बरोबर आहे.

आमच्या गावच्या अंगणवाडीत असा तक्ता आहे, ताईंनी मागून घेतला. गंमत म्हणजे सगळीच पोरं तो वापरतात. नवीन आलेली, लाजाळू, रडणारी. एक चांगला बोलणारा पोरगा रोज 'घरी जायचंय' वर बोट ठेवून उभा राहतो.

तालुक्याच्या दिवसाला जागा नाही असं कुणी म्हणालं तर आमच्या सोसायटीची वरची खोली देऊ. चेअरमनशी बोलून ठेवलंय. पंखा आहे, पाणी आहे, सतरंज्या आहेत. जिना अरुंद आहे, म्हणून ज्या लेकरांना चालता येत नाही त्यांच्यासाठी खालचं गोदाम झाडून ठेवू. फक्त फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथं खताची आणि बेदाण्याची पोती असतात, तेव्हा आधी दोन दिवस कळवावं. नंबर सोबतच्या अर्जावर आहे. मी उचलला नाही तर धाकटी उचलते. ती लगेच बोलत नाही. पाच मोजा, फोन ठेवू नका.

आपला,
एक द्राक्षबागायतदार आणि बाप
ता. तासगाव, जि. सांगली